लाल खुणेच्या पुढे

सिद्धप्पा : म्हणून म्हणतो वैनी, रडू नका आधी. जिता हाय तो. ह्या डोळ्यांनी बघून आलोय.

वच्छला : रडत नाही मी. चुलीचा धूर आहे. तुम्ही सांगा भावजी, आत कसे गेलात? आम्हाला तर तीन दिवस झाले, आत्याबाईंना नि मला, सासू-सून दोघींना दारातूनच हाकलतायत.

सिद्धप्पा : ठाण्यातला पंखा बंद पडला की. साहेब घामानं बेजार. गिरणीकडं निरोप आला, वायरमन पाठवा. आता गिरणीत वायरमन दोनच, एक मी नि एक तुमचा नवरा. नवरा त्यांच्याच कोठडीत. मग कोण जाणार? शिडी खांद्यावर टाकली नि गेलो. काम पाच मिनिटांचं. मी तासभर घातला.

वच्छला : कसे आहेत?

सिद्धप्पा : बरा हाय.

वच्छला : भावजी.

सिद्धप्पा : उजव्या हाताची दोन बोटं सुजल्यात. पाण्याचा तांब्या डाव्या हातानं धरत होता. तोंडावर काही नाही. तोंडावर मारत नाहीत ते.

वच्छला : उजव्या हाताची... हळू बोला. आत्याबाईंना हे कळता कामा नये.

सिद्धप्पा : अव्वाला कुठं ऐकू जातंय? झोळी हलवत बसलीय कोपऱ्यात, आपल्या नादात.

बजाबाई : काय म्हन्तो रं सिद्धा? जेवाय घालत्यात का माज्या रामाला?

सिद्धप्पा : घालतात अव्वा! दोन्ही वेळा! भाकरी, आमटी!

बजाबाई : वरडू नगंस मेल्या, पोरगं उठंल. आत्ता कुटं डोळा लागलाय.

वच्छला : त्यांचा गुन्हा काय, तेवढं सांगा. रेडिओच्या पेटीचा परवाना पोस्टातून काढलेला आहे. तो बघा, खुंटीला लावलाय. दाखवला होता मी शिपायांना. बघितलासुद्धा नाही. पेटी, बॅटऱ्या, कानाला लावायच्या वाट्या, छपरावरची तार, सगळं उचललं नि ह्यांनाही उचललं.

सिद्धप्पा : परवाना नुसता ऐकायचा हाय. साहेब म्हणतो, पाठवायचं यंत्र कुठं लपवलंस ते बोल.

वच्छला : पाठवायचं? ते आमच्याकडे कधीच नव्हतं.

सिद्धप्पा : मला सांगताय? अर्धी पेटी माझ्या हातची हाय. पण साहेबाचं असं म्हणणं. हा फौजी अंमल लागला तसं छावणीत त्यांचं बिनतारी यंत्र बसलं. दर दुपारी बाराला त्यांचं पुण्याशी बोलणं. तोंडानं नाही, तारेसारखं, टिकटिक. तर मागं आठ दिवस, बरोबर बाराला त्यांच्या टिकटिकीवर कोणतरी शिट्टी घालत होतं. वर जाते, खाली येते, थांबते, परत वर. साहेब म्हणतो, ही खुणेची भाषा. शहरातला कोणतरी बाहेर बातम्या पुरवतोय.

वच्छला : आणि ते आमच्याच घरातून, हे कशावरून?

सिद्धप्पा : शहरात परवानेवाल्या पेट्या चार. तीन साहेबलोकांच्या बंगल्यात. चौथी ह्या चाळीत. आणि रामहरीला उचलल्यापासून शिट्टी बंद. ह्याहून मोठा पुरावा कुठला पाहिजे त्यांना? परवा त्यांचं कोर्ट बसतंय. वकील नाही, अपील नाही. हवालदार म्हणत होता, यंत्र काढून दिलं नाही तर पाच वर्षं सक्तमजुरी धरून चाला.

वच्छला : नाही ते काढून कुठून देतील?

सिद्धप्पा : म्हणून तर पळत आलो. ऐका. दुपारी बाराला रामहरी कुठं असतो? गिरणीत. मधल्या सुट्टीत आम्ही एका डब्यातनं जेवतो, तुमच्या हातची शेंगाचटणी माझ्या नरड्याखाली जाते रोज. आणि ही गडबड सुरू झाल्यापासून सुट्टीत गेट बंद. चिटपाखरू बाहेर पडत नाही. गेटवाला साक्ष द्यायला तयार हाय, आमच्या खात्याचा मुकादम, ईरप्पा जॉबर तयार हाय. बाराला जो गिरणीत कोंडलेला, तो चाळीत बसून शिट्टी कसा घालंल? एका दमात सुटतो की माणूस!

वच्छला : मग चला! थांबलात कशाला? मी पदर घेते, आत्ता येते.

सिद्धप्पा : थांबा वैनी. घोडं तिथंच अडलंय. शिडीवरनं मी त्याला हेच सांगितलं, हळूच. वाटलं, नाचंल. तर तो म्हणाला, सिद्धा, हजेरीचं मस्टर दाखवलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील.

वच्छला : काय?

सिद्धप्पा : आणि त्यानं जबाब दिलाय. काय, तर मी सुट्टीत रोज गेटवरनं उडी मारून घरी यायचो, पेटीला हात लावायचो. खोटं! माझ्यासमोर बोटं चाटत बसलेला माणूस. यंत्र कुठं म्हटलं की गप्प. सही करून मोकळा. आता मी साक्षीदार घेऊन गेलो तर त्याचाच जबाब मोडतो. म्हणून तुमच्याकडं आलो. काय म्हणून असं करतोय तो? तुम्ही बायको. तुम्हाला काय बोलला होता का?

वच्छला : शिपाई घेऊन जात होते तेव्हा वळून म्हणाले, तू काही बोलू नको. एवढंच. मला वाटलं, शिपायांशी भांडू नको म्हणतायत.

सिद्धप्पा : डोकं चालंना बघा माझं.

वच्छला : भावजी, एक विचारू? ऐकायच्या पेटीतून बाहेर काही जाऊ शकतं का?

सिद्धप्पा : बाहेर? नाही. म्हणजे तसं... नीट चालवली तर नाही.

वच्छला : आणि नीट नाही चालवली तर?

सिद्धप्पा : आता कशाला पाहिजे ते?

वच्छला : मला समजेल असं सांगा. चौथी शिकलेय मी.

सिद्धप्पा : हे बघा. मुंबईचा आवाज छपरावरच्या तारेवर येतो तेव्हा केवढा असतो? मुंगीच्या पावलाएवढा. पेटीतला तो काचेचा दिवा त्याला मोठा करतो. पण एका दिव्यानं किती होणार? म्हणून तिसरं बटण. मोठा झालेल्या आवाजातला चिमूटभर मागं वळवायचा नि परत दिव्याच्याच तोंडात घालायचा. तो परत मोठा होतो, परत मागं वळतो. अव्वाच्या हातातली झोळी बघा. ती काय जोर लावते का? झोळी मागं आली की नुसतं बोट लावते. एवढ्याशा बोटानं झोळी केवढी हलते. तसं.

वच्छला : बरं.

सिद्धप्पा : आता बोट जरा जास्तच लागलं समजा. मग झोळी थांबायची बातच नाही. आपली आपणच झुलत राहणार. आढं करकरणार, भिंत हलणार, शेजारणीच्या फळीवरची भांडी वाजणार. पेटीचं तसंच होतं. तिसरं बटण हद्दीबाहेर गेलं की दिवा ऐकायचं सोडून स्वतःच सूर धरतो. नि छपरावरच्या तारेला काय कळतंय, ही यायची वाट का जायची? जिकडनं मुंबई आत येते तिकडनंच तो सूर बाहेर पडतो. चार-पाच मैल सहज.

वच्छला : छावणीपर्यंत.

सिद्धप्पा : छावणी तर दोन मैल पण नाही.

वच्छला : आणि ती त्यांची टिकटिक आपल्या पेटीत ऐकू येते?

सिद्धप्पा : बटण हद्दीत असलं तर नाही. नुसती सूंऽऽ सूंऽऽ. त्यांच्या सुराला आवाज नसतो. पेटीनं स्वतःचा सूर काढला आणि तो त्यांच्या सुरावर आपटला, तरच मधनं शिट्टी निघते. गिरणीत दोन साचे जवळजवळ एका चालीत चालायला लागले की घरघर कशी वर-खाली होते? तसं. त्यांना ऐकायचं म्हटलं तर आपण ओरडावंच लागतं. म्हणून तर मी त्या बटणाला लाल खूण घातली, खात्यातल्या रंगानं. तिच्या पुढं न्यायचं नाही.

वच्छला : मला ह्यांनी वेगळं सांगितलं होतं.

सिद्धप्पा : काय?

वच्छला : खुणेच्या पुढे नेलंस तर दिवा जळेल. मुंबईहून मागवलेला दिवा, परत मिळायचा नाही.

सिद्धप्पा : वैनी...

वच्छला : एकदा माझा हात चुकून पुढे गेला. डोळे गच्च मिटून घेतले मी. म्हटलं, आता जळला. पण दिवा जळला नाही, भावजी. आत टप्प असं वाजलं नि मग इतका गोड आवाज यायला लागला. मला वाटलं, बायकांनी हात लावू नये म्हणून उगीच धाक घालतात.

सिद्धप्पा : तुम्ही दुपारी वाट्या कानाला लावत होता?

वच्छला : माझ्यासाठी नाही. ह्याच्यासाठी.

सिद्धप्पा : बाळासाठी?

वच्छला : दात येतायत त्याला. त्यात हे पत्रे, वैशाखाचं ऊन. आणि गोळीबार झाला त्या दिवसापासून दुपारी दचकून उठतो, एकदा रडायला लागला की निळा पडेपर्यंत रडतो. छातीशी घेतलं, मीठमोहऱ्या उतरवल्या, अंगारा लावला, काही नाही. त्या दिवशी कंटाळून पेटीपाशी बसले होते. एक वाटी माझ्या कानाला, एक त्याच्या. बटण पुढे गेलं नि चिवचिव सुरू झाली. हा गप्प. मी दुसरं बटण थोडं फिरवलं, तसा आवाज वर चढला. हा हसला. खाली आणला, परत हसला. मग रोज. बाराचा भोंगा झाला की आम्ही दोघं पेटीपाशी. बाराच वाजता यायचा तो आवाज, नंतर नाही. मला काय माहीत, तो कुणाचा होता?

सिद्धप्पा : अय्यो देवरे.

वच्छला : माझं मन रमायचं हेही खरं. जेऊरला स्टेशनमास्तरांच्या खोलीत तारेचं यंत्र वाजायचं. वडिलांचा डबा घेऊन गेले की मी खिडकीशी उभी राहायची. ते कडकड वाजायचं, हे चिमणीसारखं. पण चाल तीच. माहेरी गेल्यासारखं वाटायचं.

सिद्धप्पा : वडील अजून रेल्वेत?

वच्छला : पॉइंट्समन. का?

सिद्धप्पा : का म्हणून काय विचारता! साहेबाला एवढंच कळू दे. घरात रेल्वेवाल्याची पोरगी, तारेच्या आवाजात वाढलेली, रोज बाराला फौजेच्या बोलण्यावर शिट्टी घालते. गावात गाड्या अडवल्या, चौक्या जाळल्या म्हणून आधीच डोकं फिरलंय त्यांचं. तुम्हाला सोडतील ते?

वच्छला : मला तार येत नाही हो. नुसती चाल ओळखता येते.

सिद्धप्पा : हे कुणाला पटवणार?

वच्छला : ह्यांना कळलं होतं. शिपायाने बाजूला घेऊन बाराची वेळ सांगितली असेल तेव्हाच कळलं असेल. बाराला घरी कोण असतं, कळायला कितीसा वेळ लागतो? म्हणून उडी मारून येत होतो म्हणाले. त्यांची बोटं माझ्यापायी सुजलीत.

सिद्धप्पा : तुमच्यापायी नाही.

वच्छला : मग कुणापायी?

सिद्धप्पा : माझ्यापायी. तो तुम्हाला खरं सांगायला निघाला होता. सूर काय, तार काय, सगळं. मीच म्हणालो, अरे बाईमाणसाला एवढं कशाला समजावतोस, दिवा जळंल म्हण, हात लावणार नाही. आणि हसलो आम्ही दोघं. शिव्या द्या मला वैनी.

वच्छला : शिव्या देऊन काय होणार? चला, मी येते साहेबाकडे. जे झालं ते सांगते.

सिद्धप्पा : आणि हा?

वच्छला : बरोबर नेईन. अंगावर पितो अजून.

सिद्धप्पा : बिजापूरचा तुरुंग बघितलाय का तुम्ही? माझा चुलता होता तिथं. बाळ घेऊन गेलेली बाई बाळ घेऊन परत येत नाही.

वच्छला : मग काय करू? त्यांना पाच वर्षं खडी फोडू देऊ? त्या बोटांनी? गप्प बसून इथे चटणी कुटत राहू?

बजाबाई : वच्छे, आवाज चढीव नगंस. पलीकडं अक्कम्माचे कान हैत भिताडाला.

वच्छला : काही नाही आत्याबाई, आम्ही आपलं...

बजाबाई : काई न्हाई कसं? बटन फुडं गेलं, शिट्टी भाईर गेली, रामाची बोटं सुजली. एवडंच न्हवं का?

सिद्धप्पा : अव्वा! तुला ऐकू आलं?

बजाबाई : ऐकू न्हाई आलं. अठरा वर्सं गिरनीच्या वाइंडिंगात बॉबिनी भरन्यात काढल्यात, शेजारी साच्यांचा धडाका. तितं कोन कुनाचं ऐकतंय? समद्या बाया व्हट बघून बोलायच्या. मुकादमाला शिव्या बी तशाच द्यायच्या, त्याच्या म्होरं हुभं ऱ्हाऊन. तुमी दोगं मगाधरनं हळूऽऽ हळू बोलत बसलाय, माज्याकडंच त्वांड करून.

वच्छला : आत्याबाई, माझं चुकलं. पाया पडते तुमच्या.

बजाबाई : सरक तिकडं. राग येतोय मला. लई येतोय. तुजं त्वांड बघू वाटंना. पर राग काय उद्या बी करता येतोय. सिद्धा, मला येक सांग. शिट्टी कुनी घातली, बाईनं का बापयानं, त्ये सायबाच्या यंत्रात कळतंय का?

सिद्धप्पा : ते कसं कळंल?

बजाबाई : तरनीनं का म्हातारीनं?

सिद्धप्पा : नाही कळत.

बजाबाई : मग झालं की. नातू रडत हुता, आजीनं बटन फिरिवलं. चल मला घिऊन.

वच्छला : नाही! असं नाही चालायचं आत्याबाई. चूक माझी नि तुम्ही...

बजाबाई : गप ऱ्हा. तू गेलीस तर ह्यो मरंल. माज्या अंगावर दूद न्हाई. त्यो खडी फोडाय गेला तर मी मरंन, दोन म्हयनं बी काडायची न्हाई. मी गेल्यावर कोन मरतंय? माजा बाप काय रेल्वेत न्हवता. मोहोळ गावात शेरडं राखायचा.

सिद्धप्पा : पण अव्वा, नुसतं मी केलं म्हणून भागत नाही. पाठवायचं यंत्र नाहीच, हीच पेटी ओरडते, हे साहेबाला पटलं पाहिजे. त्याला एकच रस्ता. बाराला पेटी छावणीत लावायची, बटण तुझ्या हातात द्यायचं, आणि त्यांच्या यंत्रात तीच शिट्टी निघाली पाहिजे. तुझ्या हातानं. तू पेटीला कधी बोट लावलंयस का?

बजाबाई : फडक्यानं पुसत हुते की.

सिद्धप्पा : पुसणं येगळं.

बजाबाई : मग शिकीव. बॉबिनी काय मला देवानं शिकवल्या? वच्छे, पाट आन. आन आमटीच्या तीन वाट्या आन, बटनं म्हनून पालत्या घालाय.

वच्छला : आत्याबाई, ऐका माझं...

बजाबाई : पाट आन म्हन्ते न्हवं!

सिद्धप्पा : आणा वैनी. बघू तर. हां, अशा. पहिली वाटी, तिला हात लावायचा नाही, ती रामहरी लावून ठेवतो. दुसरी, आवाज शोधायची. तिसरी, ती झोळीचं बोट. आता सांग अव्वा, आधी काय?

बजाबाई : आदी तिसरी.

सिद्धप्पा : कुठपर्यंत?

बजाबाई : लाल खुनंच्या फुडं.

सिद्धप्पा : किती पुढं? सांगा वैनी. हे तुमचंच काम. मी कधी नेलं नाही.

वच्छला : उडदाच्या दाण्याएवढं. जास्त नाही. जास्त नेलं तर नुसतं गुरगुरतं.

बजाबाई : उडदायेवडं. हां. मग?

वच्छला : मग दुसरी. तिला चिमटीत धरायचं नाही, नुसतं बोटाच्या पेराने ढकलायचं. असं. नाही, एवढं नाही... मी हात धरते तुमचा. असं. आवाज वर चढतो, मग उतरतो, एका जागी अगदी नाहीसा होतो, पुढे गेलं की परत चढतो.

बजाबाई : तुटल्याला धागा वळून लावताना करत्यात तसं. पेरानं. कळलं. सिद्धा, तू सायेब हो. इचार.

सिद्धप्पा : म्हातारे, खरं बोल. यंत्र कुठं लपवलंयस?

बजाबाई : यंत्र न्हाई सायेब. हीच पेटी. बटन फुडं गेलं का आपली आपनच वरडती, झोळी झुलल्यावानी.

सिद्धप्पा : झोळी म्हणू नकोस. एवढं तुला कळत होतं तर केलंस कशाला, म्हणंल. तुला काहीच कळत नाही. नातू रडत होता, तू फिरवत होतीस. बस्स.

बजाबाई : मला काईच कळत न्हाई सायेब. नातू रडत हुता.

सिद्धप्पा : हां. नि शिट्टी कशी होती? बारीक का जाड?

बजाबाई : बारीक.

सिद्धप्पा : वर जायची तेव्हा कसं कळायचं तुला?

बजाबाई : आता गं... ऐकून कळायचं.

सिद्धप्पा : अव्वा, जरा तिकडं तोंड कर. भिंतीकडं.

(सिद्धप्पा तिच्या पाठीमागे उभा राहून ओठांनी बारीक, लांब शिट्टी घालतो.)

सिद्धप्पा : ऐकलीस?

वच्छला : त्या बघत नाहीत तुमच्याकडे. खांद्याला हात लावा.

सिद्धप्पा : अव्वा, आत्ता शिट्टी घातली मी. ऐकलीस?

बजाबाई : कवा?

सिद्धप्पा : संपलं. फौजेचा डॉक्टर असंच करून बघंल. कानाला वाट्या लावल्या काय नि नाही काय. खोटं एका मिनिटात उघडं पडंल, आणि मग ही कुणाला झाकते, म्हणून सरळ ह्या घरात येतील. तिघंही जाल.

वच्छला : ठेवा तो पाट. मीच जाते.

बजाबाई : थांब. काय घाई झालीया तुला? सिद्धा, त्यानं असं मागनं वाजिवलं तर सरळ सांगायचं, मला ऐकू येत न्हाई म्हनून.

सिद्धप्पा : मग तू फिरवत कशी होतीस?

बजाबाई : पोराचं त्वांड बघून.

सिद्धप्पा : काय?

बजाबाई : वाट्या माज्या कानाला कशापायी? पोराच्या कानाला. मी फिरवायची आन त्याच्याकडं बघायची. रडू थांबलं का बटन हितंच ऱ्हाऊ द्यायचं. परत व्हट काडला का परत फिरवायचं. मला काय ठावं, त्ये फुडं गेलंय का मागं? वरडतंय का गप हाय? भैरी बाई म्या. ऐकू आलं आस्तं तर कशाला नेलं आस्तं खुनंच्या फुडं?

सिद्धप्पा : ...वैनी, हे बसतंय.

वच्छला : बसतंय काय, भावजी? म्हाताऱ्या माणसाला फासात बसवताय तुम्ही.

सिद्धप्पा : बसतंय. डॉक्टर कान बघंल, खरंच बहिरी. पेटी लावतील, शिट्टी त्यांच्याच यंत्रात निघंल. यंत्र नाही हे सिद्ध, बातम्या नाहीत हे सिद्ध. रामहरीचा जबाब तेवढा खोटा पडतो, आईला झाकलं म्हणून. लेकानं आईला झाकलं तर साहेब पण काय म्हणंल? दोघांना थोडं थोडं देतील. एक-दोन महिने. किंवा नुसते फटके...

वच्छला : फटके?

सिद्धप्पा : त्याला. अव्वाला नाही. बाईला नाही देत.

बजाबाई : त्याला दिऊ द्यात. खोटा जबाब दिलाय त्यानं. चल, बारा वाजायच्या आत पोचाय पायजे. वच्छे, माजं लुगडं काड, धुतल्यालं. आन पोराला अंगावर पाजून घे पोटभर, त्याला बी न्ह्याचा हाय.

वच्छला : त्याला कशाला? गोऱ्यांच्या गर्दीत?

सिद्धप्पा : त्याच्याशिवाय कसं होणार? तोंड कुणाचं बघणार ही?

वच्छला : मग मीसुद्धा येणार. बाहेर थांबेन. दाराशी.

बजाबाई : ये. पर पदर पुडं वड आन कायबी झालं तरी पेटीकडं बघू नगंस. तुज्या डोळ्यांत दिसतंय समदं. आन पोरगं मला दे तितं गेल्यावर. तुज्याकडं झेपावलं तरी घिऊ नगंस.

वच्छला : रडेल तो.

बजाबाई : रडाय तर पायजेच हाय.

सिद्धप्पा : मी ईरप्पाला सांगून येतो, गेटवाल्याला पण. कोपऱ्यावर थांबा. चौकात शिपाई अडवतील, सिद्धप्पा वायरमनबरोबर आहोत म्हणा, पंख्याचं काम म्हणा. अव्वा, येतो.

बजाबाई : जा. आन दमानं जा, पळू नगंस, पळनाऱ्याला गोळी घालत्यात... गेला. वच्छे, दार लाव. हितं बस म्होरं. पाजत पाजत सांग. पोराचं काय हुतं, समदं सांग मला. मी दुपारची पडल्याली आसायची, कदी बघितलंच न्हाई. सायबानं इचारलं तर चुकाय नगं.

वच्छला : काय सांगू?

बजाबाई : आवाज लागला का आदी काय करतो?

वच्छला : आधी पाय झाडायचे थांबतात.

बजाबाई : दोनी?

वच्छला : डावा आधी. मग उजवा. मग मूठ सुटते, पण एकच, ही. दुसरी तोंडात असते. डोळे मोठे करतो नि छपराकडे बघतो, आवाज वरून येतो असं वाटतं त्याला.

बजाबाई : मग?

वच्छला : मग आवाज वर नेला की हसतो. आवाज नाही करत, नुसती हनुवटी हलते. गालाला इथे खळी पडते, एवढीशी.

बजाबाई : आन मग?

वच्छला : मग मान वळवून माझ्याकडे बघतो. मी ऐकतेय का, ते बघतो.

बजाबाई : तुज्याकडं न्हवं. नीट सांग.

वच्छला : तुमच्याकडे. मान वळवून तुमच्याकडे बघतो, आत्याबाई.